सुधाकर क्लॅरिओनेटवाल्याचं पोट मी उघडलं नाही

नाशकात दवाखाना थाटला तेव्हा पाटी रंगवणाऱ्याला मी कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं, ‘शल्यचिकित्सक’. संध्याकाळी पाटी आली तीवर लिहिलं होतं, ‘प्रसूतिगृह’. मी विचारलं, हे काय? तर तो शांतपणे म्हणाला, “बाई डॉक्टर म्हटल्यावर दुसरं काय असणार? तुमच्याकडून लिहिताना चूक झाली असेल म्हणून मी सुधारलं.” त्याला मी तिथंच बसवून, टर्पेंटाइनचा बोळा हातात देऊन, ती अक्षरं पुसायला लावली. शेजारचे दुकानदार बाहेर येऊन बघत होते. बघू दे म्हटलं. सगळ्यांना एकदमच कळेल.

माझं काम पोट उघडण्याचं. अपेंडिक्स, हर्निया, मूळव्याध, पोटातले अल्सर, अंगावरच्या गाठी. यातले निम्म्याहून जास्त रोगी पुरुष असत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं कमरेच्या खाली असे. माणूस आत येई, खुर्चीवर टेके, माझ्याकडे बघे आणि विचारी, “डॉक्टर कुठायत?” मी म्हणे, “मीच.” मग, “नाय, म्हणजे साहेब?” माझे यजमान कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. मी सांगे, “साहेब घरी आहेत, पण ते फार तर तुमच्या घरचा फ्यूज बदलून देतील.”

हसण्यावारी नेलं तरी सगळ्याच गोष्टी हसण्यासारख्या नव्हत्या. पेठ भागातून एक गृहस्थ आले होते. बसले, मला बघितलं, “डोकं दुखतंय” म्हणाले, गोळ्या घेऊन गेले. वर्षाने त्यांना भावाने अक्षरशः उचलून आणलं. मानेत गाठी, पोटात गोळा. मूळ दुखणं वृषणाचं होतं आणि ते पहिल्या दिवशीही होतं. बाईसमोर सांगायची लाज वाटली म्हणून माणूस गेला. त्या दिवसापासून मी एक नियम केला. ‘डोकं दुखतंय’ म्हणणाऱ्या प्रत्येक तरण्या पुरुषाला सरळ विचारायचं, “खाली काही सूज, गाठ, जडपणा?” काही जण चिडून उठून गेले. एकाने बाहेर जाऊन माझ्याबद्दल काहीबाही बोलूनही घेतलं. मी विचारायचं थांबवलं नाही.

सुधाकर या प्रश्नामुळेच सापडला. ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं असतील. आषाढ होता. तो इगतपुरीचा, घोटीच्या एका बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचा. लग्नं संपल्याशिवाय बँडवाला आजारी पडत नाही, हे मला त्यानेच शिकवलं. वय सत्तावीस-अठ्ठावीस. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अंगात चापून बसवलेला शर्ट, केस नीट मागे वळवलेले.

“कंबर भरून येती,” तो म्हणाला.

मी माझा प्रश्न विचारला. त्याने दाराकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाला, “उजव्या अंगाची गोटी दगडावानी झालीय. दुखत नाय, म्हणून म्हटलं सीझन होऊ द्या.”

“पडद्यामागे चला,” मी म्हटलं. तो उठला. मग म्हणाला, “बाई, वरातीत हजार माणसांपुढं वाजवतो. तुम्ही तर एकट्याच हाय,” आणि आत गेला.

हाताला लागलं त्यावरून मला फारशी शंका राहिली नाही. न दुखणारी, कठीण, जड गाठ. वृषणाच्या कॅन्सरबद्दल लोकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे तो म्हाताऱ्यांना सहसा होत नाही, तरण्याताठ्यांना होतो. दुसरी गोष्ट, गाठीत सुई खुपसून बघायचं नसतं आणि ती खालून कापायची नसते. जांघेत चीर देऊन, वरची दोरी आधी बांधून, अख्खं वृषण वरून ओढून काढायचं, म्हणजे रोग इकडेतिकडे सांडत नाही. मी ते त्याच आठवड्यात केलं. काढलेला भाग तपासणीसाठी मुंबईला पाठवला. रोग निघाला, जातीने जरा आक्रमक, पण वृषणाच्या बाहेर पडलेला दिसत नव्हता. छातीचा फोटो स्वच्छ, मुंबईत काढलेला पोटाचा स्कॅन स्वच्छ. हा रोग रक्तात काही पदार्थ सोडतो, त्यांची पातळीही खाली आली होती.

म्हणजे बरा झाला का? खरा प्रश्न इथेच सुरू होतो. जे डोळ्याला दिसत नाही, स्कॅनला दिसत नाही, ते चार-दोन पेशींच्या रूपात आत राहिलेलं असू शकतं. बऱ्याच जणांत नसतं. काही जणांत असतं. कोणात आहे, हे तेव्हा सांगता येत नसे.

त्याच्याबरोबर त्याचे वडील आले होते, आबा. रेल्वेत गँगमन म्हणून घाटातल्या रुळांवर आयुष्य काढलेला, काटक, इस्त्रीची पांढरी टोपी घातलेला माणूस. “जय भीम, बाई,” म्हणून ते खुर्चीत ताठ बसले. मुलाच्या बँडवर त्यांचा राग होता. ते म्हणत, “गावानं बोलावलं का वाजवायला जायाचं, हे आमच्या बापानं धम्म घेतला तेव्हाच सोडलं. आन् ह्यो पुन्हा वाजवतोय.” त्यावर सुधाकरचं ठरलेलं उत्तर असे, “आबा, मी बोलावणं आलं म्हणून जात नाय. सुपारी घेऊन जातो. नोटेशन वाचून वाजवतो.”

मी मुलाच्या बायकोला बोलवा म्हटल्यावर आबा खाली वाकून कुजबुजले, “तिला नको. कॅन्सर हा शब्दच काढू नका. पोरगी माहेरी जाऊन बसंल. आमची अब्रू जाईल.”

सुधाकर उठला. “कुसुम बाहेर, तर मी बी बाहेर. माझ्यासंगं तिला जगायचंय, अब्रूला नाय.”

कुसुम आत आली. सातवी झालेली, लहानखुरी. ती माझ्याकडेच बघत बसली. मी तिघांना सगळं सांगितलं. जे नाशकात त्या काळी कोणी उघड सांगत नसे, तेही.

पुढे तीन रस्ते होते. पहिला, मोठं ऑपरेशन. छातीच्या खालपासून ओटीपोटापर्यंत पोट उघडायचं आणि पाठीच्या कण्यालगतच्या गाठी खरवडून काढायच्या, कारण हा रोग पहिला तिथे जातो. खात्रीचा मार्ग. पण तिथून काही बारीक नसा जातात. त्या तुटल्या तर पुरुष पुरुषच राहतो, संसार चालतो, मात्र बीज बाहेर पडत नाही. मूल होत नाही. दुसरा रस्ता, औषधं. ती तेव्हा नवीच आली होती आणि रोगावर जालीम होती. पण एक औषध फुप्फुसांना इजा करू शकतं आणि दुसरं कानांना. तिसरा रस्ता, काहीच करायचं नाही. फक्त नजर ठेवायची. दर महिन्याला तपासणी, रक्त, छातीचा फोटो, अधूनमधून स्कॅन. रोग परत आलाच तर लहान असतानाच पकडायचा आणि मग औषधं द्यायची.

सुधाकरने बोटांवर तीन रस्ते मोजले. मग हिशेब केल्यासारखा म्हणाला, “म्हणजे एकात पोर जातंय, एकात फुंक जाती आन् कान जातोय.”

“जाईलच असं नाही. जाऊ शकतं.”

“आन् तिसऱ्यात?”

“तिसऱ्यात झोप जाते,” मी म्हटलं. “दर महिन्याला.”

कुसुमने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. “बाई, औषध आत्ता घेतलं काय आन् मागनं घेतलं काय, गुण सारखाच येतो का?”

“वेळेवर पकडलं तर जवळजवळ सारखाच. परदेशात असं करायला लागलेत. आपल्याकडे फारसं कोणी करत नाही.”

“मग आजार नसताना औषध कशाला?” ती म्हणाली.

आबांना हे पटणं शक्य नव्हतं. “साप घरात घुसला का नाय ठावं नाय, आन् तुम्ही दाराशी बसून राहा म्हणता!” माणूस चुकीचं बोलत नव्हता. मी त्यांना तसं सांगितलंही. ते ओझं घेऊन रात्री मलाही सहज झोप लागली नसती. पण कुठलं ओझं पाठीवर घ्यायचं, हे ज्याची पाठ आहे त्यानेच ठरवायचं, इतकं मला पक्कं कळत होतं.

मी त्यांना घेऊन मुंबईला गेले. ज्या सरांनी मला शिकवलं ते तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात कॅन्सरची ऑपरेशनं करत. देवासारखा हात. त्यांनी सुधाकरला तपासलं, स्कॅन बघितला आणि मला एकटीला बाजूला घेतलं.

“ऑपरेशन करून टाक. मीच करतो.”

“तो नजरेखाली राहायचं म्हणतोय, सर.”

“अगं, नजरेखाली कोणाला ठेवायचं? जो परत येईल त्याला. हा इगतपुरीचा बँडवाला. चार महिने येईल, मग बरं वाटतंय म्हणून घरी बसेल. तिकडे पाऊस किती पडतो तुला ठाऊक आहे. असल्या लोकांवर असले प्रयोग करायचे नसतात. हे शिकल्यासवरल्या माणसांचं काम आहे.”

सरांबद्दल मला आदर होता, अजून आहे. पण ‘असल्या लोकांवर’ हे शब्द माझ्या डोक्यात गेले. हेच शब्द मी शल्यचिकित्सा घेतली तेव्हा माझ्याबद्दलही वापरले गेले होते, जरा वेगळ्या रूपात. मुली परत येत नाहीत, लग्न करून घरी बसतात.

“तो येईल, सर.”

“नाही आला तर?”

“तर मी जाईन इगतपुरीला.”

दार पूर्ण लागलेलं नव्हतं. सुधाकरने ऐकलं होतं. तो आत आला आणि हात जोडून, पण आवाज जराही न खाली घेता म्हणाला, “साहेब, नवरदेव घोड्यावरनं उतरला असंल, पण आमचा बँड मांडवात आला नाय असं आजवर झालं नाय. भर पावसात श्रावणातल्या मिरवणुका वाजवल्या. तारीख दिली का मी येतो. तुम्ही तारीख द्या.”

सरांनी स्कॅन पाकिटात घातला. मग म्हणाले, “दे बाई तारीख.” हे वाक्य त्यांनी मला उद्देशून म्हटलं, पण हसले त्याच्याकडे बघून.

तो आला. दर महिन्याला आला. घाटात दरड कोसळून रेल्वेगाड्या बंद पडल्या तेव्हा ट्रकच्या मागे उभा राहून आला. लग्नाच्या दिवसांत सोनेरी पट्ट्यांचा लाल कोट अंगावर असताना, काखेत क्लॅरिओनेटची पेटी घेऊन थेट मांडवातून आला, आणि बाहेर बसलेल्या रोग्यांना वाटलं दवाखान्यात कोणाची तरी वरात आहे. बँडमधल्या पोरांपासून त्याने काही लपवलं नाही. कुजबुज सुरू व्हायच्या आतच एका विसाव्याच्या जागी सगळ्यांना त्याने स्वतःच सांगून टाकलं. पोरं त्याला ‘एकबारी’ म्हणायला लागली. तो म्हणे, “एकबारी असली तरी बंदूकच ना?”

मुंबईहून रक्ताचा अहवाल यायला वेळ लागे, म्हणून मी एक गावठी उपाय शोधला होता. या रोगात रक्तात येणारा एक पदार्थ तोच असतो, जो बाई गरोदर राहिल्यावर तिच्या अंगात येतो. म्हणून मी सुधाकरची लघवी जवळच्या प्रयोगशाळेत गरोदरपणाच्या चाचणीला पाठवी. पहिल्यांदा पाठवली तेव्हा प्रयोगशाळेचे देशपांडे धावत आले. “मॅडम, नावात घोळ झालाय. पेशंट सुधाकर, आणि चाचणी दिवस गेल्याची?” समजावून सांगितल्यावर त्यांना एवढी मौज वाटली, की दर महिन्याला ते स्वतः निरोप आणत, “तुमच्या सुधाकररावांना अजून दिवस गेलेले नाहीत.” माघात एकदा मात्र म्हणाले, “सुधाकररावांना नाहीत, कुसुमताईंना आहेत.” त्या दिवशी आबांनी घोटीहून पेढे पाठवले. स्वतः आले नाहीत, पण पेढे पाठवले.

लग्नसराई संपता संपता देशपांडे पुन्हा आले. दारातच उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं.

मुंबईच्या रक्ततपासणीने दुजोरा दिला. स्कॅनमध्ये कण्यालगत सुपारीएवढी गाठ. कुसुमला पाचवा महिना लागला होता. नवरा आणि बायको, दोघांच्या रक्तात एकाच वेळी तोच पदार्थ होता. पुस्तकात मी हे वाचलं होतं. समोर बसलेलं बघितलं नव्हतं.

आबा आले ते उभेच राहिले. “बसा ना.” बसले नाहीत.

“मी म्हटलं होतं. तवाच कापलं असतं तर?”

“तेव्हा कापलं असतं तर कदाचित ही गाठ आली नसती,” मी म्हटलं. खोटं काय सांगायचं? “आणि कदाचित कुसुमच्या पोटातलंही आलं नसतं.”

“माझं पोरगं मेलं तर त्या नातवाला मी काय सांगू?”

उत्तर सुधाकरने दिलं. त्याचा आवाज होता तसाच. “आबा, मेलो तर सांगा का बापानं ठरवलं होतं. बाईनं नाय, साहेबानं नाय, तुमी नाय. बापानं.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “बाई, ते फुंक घालवणारं औषध वगळून बाकीची देता येतील का?”

“नाही. तेव्हा तीन रस्ते होते, आता एकच आहे. तोही अर्धा चालता येणार नाही.”

“मग चला,” तो म्हणाला. “पुरा चालू.”

तो पावसाळा त्याने मुंबईत काढला. आज ओकारीवर जी औषधं मिळतात ती तेव्हा नव्हती. बादली कॉटखालून हलत नसे. केस गेले, भुवया गेल्या. मी जमेल तेव्हा जाऊन येई. एकदा गेले तर तो भिंतीला टेकून बसला होता, डोळे मिटलेले, आणि दोन्ही हातांची बोटं पोटावर भराभर हलत होती. मला वाटलं झटका येतोय. त्याने डोळे न उघडताच सांगितलं, “रियाज चाललाय. फुंकायचं नाय म्हणालेत, बोटं हलवू नको असं कोण म्हणालं नाय.”

सरांनी त्याच्याकडे जातीने लक्ष दिलं. दर फेरीआधी त्याचा श्वास मोजला जाईल याची काळजी घेतली. गाठ विरघळत चालली होती. रक्तातल्या त्या पदार्थाची पातळी खाली येत होती. एके दिवशी व्हरांड्यात मला थांबवून त्यांनी विचारलं, “खरं सांग, पुढच्या वेळी असाच रोगी आला तर त्याला काय करायला सांगशील?”

“मी सांगणार नाही, सर. विचारीन.”

ते वॉर्डात निघून गेले. पण पुढच्या वर्षी त्यांनी धुळ्याकडचा एक तरुण माझ्याकडे पाठवला. सोबत निरोप होता, याला नजरेखाली राहायचंय, तुझ्याकडे जवळ पडेल. तो शाळा न पाहिलेला हमाल होता.

दसऱ्याच्या सुमारास कुसुमला मुलगी झाली. माझ्याकडे नाही, सरकारी दवाखान्यात. मी प्रसूती करत नाही, हे आतापर्यंत तुमच्या लक्षात आलं असेल. तुळशीची लग्नं झाल्यावर सुधाकर पुन्हा बँडमध्ये उभा राहिला. टोपीखाली केसांची नुकती फुटलेली लव होती. फुंक परत आली, जरा तोकडी, पण आली. कान मात्र पहिल्यासारखे राहिले नाहीत. रात्रंदिवस आत रातकिडा ओरडतो म्हणे. अगदी वरचे, बारीक सूर त्याला ऐकूच येत नाहीत. ते तो बोटांच्या सवयीवर वाजवतो. “लोकांना ऐकू येतंय ना? मग झालं,” असं म्हणतो. मी त्याला एकदा विचारलं, पुन्हा तीच वेळ आली तर? पाटीचा किस्सा त्याला ठाऊक होता. त्याने प्रश्नच परत केला, “पुन्हा तशी पाटी आली तर तुम्ही ती राहू द्याल का, बाई?”

मला अनेकांनी नंतर सांगितलं, रोग परत आला म्हणजे तुमचा निर्णय चुकलाच. मी मान्य करत नाही. निर्णय बरोबर असला म्हणजे शेवट बिनकष्टाचाच होतो, असं कोणी कबूल केलेलं नसतं. माणसाला सगळं उघड सांगितलं होतं, त्याने उघड्या डोळ्यांनी घेतलं, आणि परत आलेलं आम्ही सुपारीएवढं असताना पकडलं, कारण ज्याच्याबद्दल ‘येणार नाही’ असं म्हटलं गेलं होतं तो प्रत्येक तारखेला आला होता.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, बाजारच्या दिवशी, माझा दवाखाना खचाखच भरला होता. बायका, पोरं, चांदवडचे शेतकरी, म्हातारे, सगळे. आबा आत शिरले. त्यांनी एका विशीतल्या पोराचं मनगट धरलं होतं आणि तो सुटायची धडपड करत होता. आबांच्या शेजारच्या घरातला मुलगा, रेल्वेत नुकता लागलेला. मला बघून तो दाराकडे वळला.

आबांनी त्याला गर्रकन फिरवला आणि त्या भरल्या खोलीत, जो शब्द एकदा माझ्यापुढे त्यांनी फक्त कुजबुजला होता तो रुळावर हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, “कॅन्सर होता माझ्या पोराला! गोटीचा! ह्या बाईनं काढली. आज तो वडाळ्याला लग्नात वाजवतोय. तुला कसली लाज वाटती रे? सोड नाडी!”